एका वर्षात एकच लग्न

बायाकान वाडी, केझोन, फिलिपिन्स
४ सप्टेंबर १९८८

माझ्या काळजाच्या ज्योती पारिंग,

रेडिओवरच्या नाटकात नायक अशीच सुरुवात करतो, म्हणून मीही केली. हसू नकोस. तू हाँगकाँगला जाऊन पंधरा महिने झाले. मी दुसरं काय करणार?

बातमी अशी की, तुझ्या तातयनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, मला अखेर चाकरीला घेतलं. मी त्यांना म्हटलं, "अहो, हल्ली मुलीच्या घरी राबून कोण लग्न करतं? केळ्यांचा घड आणि दोन कोंबड्या घेऊन येतो, मागणी घालतो, संपलं." तर म्हणाले, "मी तुझ्या सासूसाठी दोन वर्षं पाणी वाहिलंय. तू सहा महिने वाहा. पोरगी इथे नाही म्हणून सूट मिळेल असं समजू नकोस." म्हणजे फेब्रुवारी अखेरपर्यंत पाणी, लाकडं आणि खोबरं सुकवणं. मग मे महिन्यात तुझा करार संपला की लग्न.

पहिलं काम डुकराचा गोठा बांधायचं. डुकरीणही आपल्याच लग्नाच्या मेजवानीची आहे. तातयनी तिचं नाव दोन्या पिलार, म्हणजे पिलार बाईसाहेब, ठेवलंय, कारण ती कुणाकडे बघतच नाही. चार दिवस खपून बांबूचा असा झकास गोठा बांधला की मलाच त्यात राहावंसं वाटलं. पाचव्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर गोठा आडवा, आणि दोन्या पिलार तुमच्या ओट्यावर झोपलेली.

तातय म्हणाले, "खांब रोवता येत नाहीत, आणि संसार करायला निघालाय!"

माझी नानय रोज दुपारी माझा डबा घेऊन येते. "माझं एकुलतं एक पोर, तिथे अर्धपोटी राबायला नको," म्हणते. काल नारळाच्या दुधातला फणस आणला होता. तातयनी फक्त "मीठ बघतो" म्हणून चव घेतली आणि अर्धी वाटी मीठच बघत बसले. माझ्या घरचं वळण तपासतायत, मला कळतं. पण मी डगमगणार नाही.

तुझा आणि फक्त तुझा,
तेर्यो

*

हाँगकाँग
१८ सप्टेंबर १९८८

तेर्यो,

काळजाची ज्योत वगैरे पुरे. ते पत्र मी रविवारी चौकात मैत्रिणींसमोर उघडलं आणि रेमेदियोसने ते मोठ्याने वाचलं. आता अख्खी वाडी मला "ज्योत" म्हणून हाक मारते. वाडी म्हणजे इथे चौकात वर्तमानपत्रं अंथरून बसणाऱ्या आम्ही सगळ्या मोलकरणी.

तातयनी दोन वर्षं पाणी वाहिलं ही शुद्ध थाप. आई सांगायची, दोन महिन्यांत त्यांच्या पाठीत उसण भरली आणि आजोबांनी कंटाळून लग्न लावून दिलं. हे त्यांना सांगू नकोस, नाहीतर तुझे सहाचे आठ महिने होतील.

गोठ्याचं नवल वाटतं. बांबूचं काम तुझ्यासारखं वाडीत कुणी करत नाही. वारा-वादळ होतं का?

इथे सगळं ठीक. मालकिणीची म्हातारी सासू मला चिनीत शिव्या देते आणि मी तिला टागालोगमध्ये देते. दोघी खूश असतो. हात जरा भेगाळलेत, बाकी काही नाही. दिवस मोजतेय.

तुझी पारिंग

ता.क. तातयनी फणस खाल्ला? आई गेल्यापासून ते फणसाला शिवत नव्हते.

*

बायाकान वाडी
२० नोव्हेंबर १९८८

माझ्या स्वप्नांच्या सम्राज्ञी, (हे रेमेदियोसला दाखवू नकोस)

वारा नाही, वादळ नाही, पानसुद्धा हलत नाही, आणि गोठा दुसऱ्यांदा पडला. मी बाजूच्या वाडीतून जुना मांत्रिक आणला. त्याने तांदूळ उधळले, गोठ्याला धूप दाखवला आणि सांगितलं की हे काम भुताचं नाही. भुतं एवढी मेहनत करत नाहीत म्हणे. तातयनी त्यालाच झापलं, "भोंदू कुठला! चालता हो."

आता मन घट्ट कर. मला तुझ्या तातयच्या तब्येतीची काळजी वाटते. ते रोज दाढी करतात. रोज, पारिंग! मंगळवारीसुद्धा! केसांना तेल चोपडतात. सकाळी माडी काढायला माडावर चढतात तर इस्त्रीचा सदरा घालून चढतात. परवा माडावरून गाणं ऐकू आलं. खाली मी, माझी नानय आणि दोन्या पिलार तिघं वर बघतोय आणि हे महाशय शेंड्यावर झावळी धरून गातायत. नानयला इतकं हसू आलं की तिच्या हातून डबाच पडला.

माणसाला शेवट जवळ आला की असं होतं. माझा चुलत आजोबा मरायच्या आधी आठवडाभर शीळ वाजवत होता. मी लोला बास्योनला विचारलं. म्हातारी चर्चच्या मेणबत्त्या सांभाळते, तिला सगळं कळतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच आजारी आहे.

नानय बिचारी फार चांगली. त्यांची तब्येत बघून आता दोन डबे आणते. एवढा उन्हाचा रस्ता, तरी नवा झगा घालून येते, कारण आजारी माणसाला प्रसन्न वाटावं.

तुझा चिंतातुर,
तेर्यो

*

हाँगकाँग
४ डिसेंबर १९८८

अरे ठोंब्या,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, कारण तू "शेवट" लिहिलंस. दुसऱ्यांदा डोळे पुसून वाचलं. तिसऱ्यांदा इतकी हसले की म्हातारीने मला झाडू फेकून मारला.

तातय आजारी नाहीत. साठी बुद्धी नाठी, एवढाच आजार आहे, आणि त्याचं औषध रोज दुपारी दोन डबे घेऊन चालत येतं. नवा झगा घालून!

तुझी नानय एकोणीस वर्षं विधवा आहे. तातयना एकटं होऊन सात वर्षं झाली. मी सांगते ते वाच आणि खाली बस. आणि दर वेळी गोठा पडला की तुझे चाकरीचे दिवस वाढतात, हो ना? दिवस वाढले की डबेही वाढतात. एक दिवस आडोशाला उभा राहून बघ, खांब कोण हलवतं ते.

खरं सांगू? आधी मला राग आला. आईच्या जागी... पण मग ते माडावर बसून गात असल्याचं चित्र डोळ्यांसमोर आलं. मी गेले तेव्हा ते बस थांब्यावर एक शब्द बोलले नव्हते. गाऊ देत.

तुझी पारिंग

*

बायाकान वाडी
२२ जानेवारी १९८९

पारिंग,

आज बिरुद नाही. मन लागत नाही.

तू म्हणालीस तसा आडोशाला उभा राहिलो. भर दुपारी तुझे तातय आले, इकडेतिकडे बघितलं, दोन्या पिलारला "गप बस" म्हणाले आणि पोरगा दात हलवतो तसा गोठ्याचा खांब हलवू लागले. मला वाटलं, माझ्या कामाची मजबुती तपासतायत. मी बाहेर येऊन म्हटलं, "पक्का आहे ना?" ते दचकून खांबासकट शेणात बसले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी ठोंब्या आहे, मान्य.

पण खरी गंमत पुढेच आहे, आणि तिला गंमत म्हणवत नाही. वाडीत कुजबुज सुरू झाली. रविवारी चर्चमध्ये पाद्रींनी दोघांना सगळ्यांसमोर बोलावून सांगितलं, "एक तर लग्न करा, नाहीतर डबा बंद करा." तातय तिथल्या तिथे म्हणाले, "करतो." नानय लाजून बाकाखाली शिरायच्या बेतात होती. ईस्टर झाला की आठ एप्रिलला लग्न ठरलं.

मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. मग लोला बास्योन उठली. मेणबत्ती विझवायची लांब काठी जमिनीवर आपटली आणि म्हणाली, "सुकोब!"

तुला ठाऊकच आहे, एका घरात एका वर्षात दोन लग्नं झाली तर एक लग्न दुसऱ्याचं नशीब खातं. तिने बोटांवर उदाहरणं मोजली: अमक्याच्या सुनेला मूल नाही, तमक्याची होडी बुडाली, कुणाचा तर नवराच पळाला. शिवाय म्हणाली, "तेर्योच्या नानयने, या सेपाने, पारिंगच्या बापाशी, अन्सेल्मोशी लग्न केलं की तेर्यो आणि पारिंग बहीणभाऊ होणार. बहीणभावांनी एका वर्षात लग्न करायचं नाही, आणि हे तर एकाच दिवशी, एकमेकांशीच करायला निघालेत!" पाद्री म्हणाले, धर्मात याला काही आडकाठी नाही. पण पाद्री मनिलाचे. त्यांचं कोण ऐकतं?

म्हणजे एप्रिलमध्ये त्यांचं झालं तर आपलं थेट पुढच्या वर्षी. आपलं मेमध्ये झालं तर त्यांना जानेवारीपर्यंत थांबावं लागेल, आणि तोवर डबा बंद. मी आणि नानय एका खाटेवर बसून एकमेकांकडे बघतो आणि दुसरीकडेच तोंड वळवतो.

काय करू?
तेर्यो

*

हाँगकाँग
५ फेब्रुवारी १९८९

तेर्यो,

उद्या इथल्यांचं नवं वर्ष. चार दिवस उभी राहून सणाचे पिठाचे गोळे वळतेय, हे पत्र पिठाच्या हातानेच लिहितेय.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. मालकीण नवा करार देतेय, पुन्हा दोन वर्षांचा. मी मेमध्ये लग्नाला घरी जाणार असं सांगून टाळत आले. ती म्हणते, एकतीस मार्चला संध्याकाळी हो किंवा नाही सांग. नाही म्हणालीस तर दुसरी मुलगी तयार आहे. लग्न पुढच्या वर्षी असेल तर मी घरी बसून काय करू? सही करावी लागेल. आणि सही केली की दोन वर्षं, तेर्यो. सात-आठ महिने नव्हे. मी तेहतिशीला टेकेन आणि तू तोवर रेडिओच्या नाटकातली सगळी वाक्यं संपवलेली असशील.

त्यांना नऊ महिने थांबावं लागेल, आपल्याला दोन वर्षं. हिशोब मला कळतो. पण मुलीने बापाला "तुम्ही थांबा" म्हणायचं कसं? माझी जीभ रेटत नाही. मी त्यांना फक्त एवढंच लिहिलंय की "तुमच्या आनंदात माझा आनंद." लिहिताना शाई सांडली, ती त्यांना दिसेलच.

तू तिथे आहेस. तू काय म्हणतोस ते मला कळव. जे म्हणशील ते.

पारिंग

*

बायाकान वाडी
१९ फेब्रुवारी १९८९

प्रिय पारिंग,

तुझं पत्र तातयना मिळालं त्याच दिवशी आम्ही चौघं जेवायला बसलो. चौथी लोला बास्योन, न बोलावता.

तातय घास बाजूला ठेवून म्हणाले, "पोरांचं आधी होऊ दे. मी म्हातारा. मी थांबतो. मेलो तर मेलो." आणि इतक्या करुण चेहऱ्याने सुक्या मासळीकडे बघायला लागले की त्या मासळीलाही रडू आलं असतं.

नानय म्हणाली, "छे छे. मला काही लग्नबिग्न नको. एकोणीस वर्षं काढली, राहिलेलीही काढीन." आणि पदराला डोळे लावले. झग्याला पदर नव्हता, म्हणून माझ्या सदऱ्याला लावले.

ते बघून माझ्यातला रेडिओचा नायक जागा झाला. मी उभा राहिलो, छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, "नाही! मी माझ्या प्रेमाचा त्याग करतो! तुम्ही एप्रिलमध्ये लग्न करा. मी आणि पारिंग वाट पाहू. दोन वर्षं काय, वीस वर्षं पाहू!"

तातय म्हणाले, "नाही, आधी तुम्ही." नानय म्हणाली, "तुम्ही दोघं." मी म्हणालो, "तुम्ही दोघं!" शेवटी आवाज एवढे चढले की शेजाऱ्यांना वाटलं भांडण पेटलं, आणि ते सोडवायला आले. सगळं ऐकून तेही रडले. लोला बास्योनने एकटीने सगळा भात संपवला.

हे सगळं सांगतोय ते तुला माझा अभिमान वाटावा म्हणून. एकुलत्या एका मुलाचं हे कर्तव्यच नाही का? तू सही कर. मी थांबेन. मी कसा आहे ते तुला ठाऊकच आहे.

तुझा त्यागी,
तेर्यो

*

हाँगकाँग
५ मार्च १९८९

श्री. एलेउतेर्यो यांस,

तुमचा त्याग पोचला. फार थोर. रेमेदियोसने मोठ्याने वाचला तेव्हा तिलाही रडू आलं. मला नाही आलं.

वीस वर्षं थांबणार म्हणालात. मला विचारलंत का? जेवणाच्या पाटावर तीन माणसांनी एकमेकांना काय काय देऊन टाकलं, त्याची यादी मी वाचली. तातयना काय हवंय, नानयना काय हवंय, तुम्हाला काय हवंय, हे त्यात कुठेच दिसलं नाही. मला काय हवंय ते तर नाहीच. तुम्ही जे देऊन टाकलंत ती मीच होते ना?

कराराचा कागद स्वयंपाकघरात, तांदळाच्या डब्याखाली आहे. एकतीसला सही करते.

अम्पारो

*

बायाकान वाडी
१८ मार्च १९८९

पारिंग,

तुझं पत्र काल दुपारी आलं. खाली "अम्पारो" लिहिलेलं मी तीनदा वाचलं. तू मला कधीच पूर्ण नावाने सही केली नव्हतीस. मी गोठ्यात, दोन्या पिलारशेजारी बसलो. तिनेही माझ्याकडे पाठ केली.

मग मी उठलो. तुमच्या घरी तातय आणि नानय दोघं समोरासमोर बसून "आधी तुम्ही" करत होते. एकही नाटक आठवलं नाही, आठवलं असतं तरी ते उपयोगी पडलं नसतं. मी म्हणालो, "मला पारिंग हवी. मे महिन्यातच हवी. मला त्याग करायचा नाही. तुम्ही थांबा."

तातयच्या हातातला पेला तोंडापाशी थांबला.

"काय म्हणालास?" नानयने विचारलं.

"तुम्ही दोघं जानेवारीपर्यंत थांबा म्हणालो. मी वाईट मुलगा आहे. मारायचं असेल तर मार."

तिने पळी उचलली. पारिंग, मी डोळे मिटले. तर पळी माझ्या डोक्यावर अगदी हळू टेकली आणि ती हुंदके देत म्हणाली, "एवढं बोलायला आठ आठवडे लावलेस, गाढवा! मला वाटलं तुला तिची गरजच नाही. मग मी कुणासाठी थांबणार?"

तातयनी पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "थांबतो. पण डब्याचं काय?" त्यांचा आवाज खरंच फुटला. मला पहिल्यांदा कळलं की तो माणूस नऊ महिने डब्याविना कसे काढणार या विचाराने घाबरलाय, आणि ते फणसासाठी नाही. नानय एकदम लाल झाली.

तेवढ्यात लोला बास्योन आली. ती येतेच. म्हणाली, "पाद्रींनी बाईला पुरुषाच्या घरी जायला बंदी केली. पुरुषाने बाईच्या घरी जाऊन पाणी भरायला कुणी बंदी केली?"

अजून कळलं नाही का? आजपासून तुझे तातय आमच्या घरी चाकरीला येतायत! विधवेचा हात मागायचा तर घरातल्या पुरुषाची परवानगी लागते, आणि आमच्या घरातला पुरुष मी. एकसष्ट वर्षांचे तुझे तातय दारात टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, काय काम आहे?" मी लाकडं दाखवली. ते वाकले तर कंबरेने कुर्रर्र केलं. मी म्हटलं, "राहू द्या, मी फोडतो, तुम्ही फक्त मोजा." नानय ओरडली, "फोडू देत!" तर असं चाललंय. जानेवारीपर्यंत.

तुझ्या बापाचं आणि माझ्या आईचं भागलं. माझं अजून नाही. माझं पत्र एकतीसच्या आत पोचेल का, माहीत नाही. पोस्टमास्तरला एक कोंबडी दिली, त्याने दोन्ही हात जोडले आणि म्हणाला, पोस्ट आपल्याच चालीने जातं.

पोचलं नाही तर तू सही केलेली असशील. तरीही मी थांबेनच, पण मला थांबायचं नाहीये, हे तुला कळू दे. मला तू हवीस. ये.

तेर्यो

*

हाँगकाँग
३१ मार्च १९८९

तेर्यो,

तुझं पत्र आज दुपारी आलं. मालकीण संध्याकाळी सहाला येते. पाकीट मी नऊ मिनिटं न उघडता हातात धरून उभी होते, कारण आत पुन्हा त्याग निघाला असता तर मला सहन झालं नसतं.

उघडलं आणि स्वयंपाकघरात खाली बसून रडले. म्हातारी आली, तिने माझ्याकडे बघितलं, चिनीत काहीतरी म्हणाली. शिवी नव्हती. मग तिने स्वतः चहा करून मला दिला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

कागद कोरा परत दिला. मालकीण नाराज झाली, दुसऱ्या मुलीला फोन लावायला गेली.

बारा मेच्या विमानात माझी जागा आहे. तातयना जड घागर देऊ नकोस, त्यांना अर्धीच भरून दे, पण त्यांना कळू देऊ नकोस.

आणि तुला एक सांगायचंय. मला तुझी ज्योत, सम्राज्ञी, काही काही नको होतं. "मला तू हवीस" एवढे तीन शब्द पाठवायला तू सात महिने आणि एक कोंबडी खर्च केलीस. लग्नानंतर रोज सकाळी फुकट म्हणायचे. मी ऐकल्याशिवाय चूल पेटवणार नाही.

येतेय.

तुझी पारिंग